कूस फुकट, बाकी सगळं रोख

सरोगसीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘अरेरे, आईची कूस भाड्यानं द्यायची?’ आणि दुसरा, ‘ते सगळे सिनेमावाल्यांचे चोचले.’ दोन्ही सूर सोयीचे आहेत, कारण त्यानंतर कायदा वाचायची गरज उरत नाही. मी तो वाचला. आपला वाचला आणि इतर देशांत काय चालतं तेही जमेल तेवढं पाहिलं. त्यातून माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकते. भारताचा सरोगसी कायदा गरीब बाईला वाचवण्याच्या नावाखाली तिच्या कष्टाचं मोल शून्य ठरवतो. कुणी पालक व्हावं हे तो लग्नाच्या दाखल्यावरून ठरवतो. आणि ज्याच्या खिशात डॉलर आहेत त्याचं तो काहीच बिघडवू शकत नाही.

आधी आपल्या घरात काय झालं ते बघू. २००२ पासून जवळपास तेरा वर्षं भारत हा जगाचा सरोगसी बाजार होता. गुजरातमधलं आणंद हे दुधासाठी ओळखलं जाणारं गाव या दुसऱ्याच कारणानं परदेशी वर्तमानपत्रांत झळकू लागलं. कायदा नव्हता. २००५ ची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं होती, पण ती मोडली म्हणून कुणाला तुरुंग नव्हता. २००८ मध्ये आणंदलाच एका जपानी दाम्पत्यासाठी मुलगी जन्मली. तिच्या जन्माआधीच त्या दोघांचा तलाक झाला होता. आईनं हात वर केले. बाप मुलीला न्यायला तयार होता, पण एकट्या पुरुषाला आपल्याकडे मुलगी दत्तक मिळत नाही आणि जपानचा कायदा जन्म देणारीलाच आई मानतो. काही आठवड्यांचं ते बाळ सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. शेवटी जपाननं माणुसकीच्या नात्यानं व्हिसा दिला आणि आजी तिला घेऊन गेली. त्याच वर्षी आणंदमध्ये जन्मलेली एका जर्मन माणसाची जुळी मुलं तर दोन वर्षांहून अधिक काळ अडकून पडली. जर्मनी सरोगसी मानत नाही म्हणून जर्मन पासपोर्ट नाही, आणि आईबाप परदेशी म्हणून भारतीय पासपोर्टाचा वाद.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा सिनेमा याच काळातला आहे. परदेशी बाई मूल सोडून जाते आणि ते विदर्भातल्या एका गरीब बाईच्या पदरात वाढतं. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे त्यावरून हिंदीत ‘मिमी’ निघाला. आपण डोळे पुसले आणि घरी गेलो. त्या बाईच्या हातात करारनामा कुठल्या भाषेतला होता, हा प्रश्न आपल्याला पडला नाही.

तेव्हा तो मोकाट बाजार बंद व्हायला हवा होता यात मला शंका नाही. जे माझ्या लेखाचा अर्थ ‘जुने दिवस परत आणा’ असा लावतील त्यांच्यासाठी हे आधीच लिहून ठेवते. प्रश्न इतकाच आहे की तो बंद करताना सरकारनं कुणाला धरलं आणि कुणाला सोडलं.

२०१५ च्या नोव्हेंबरात परदेशी लोकांसाठी दार बंद झालं. २०१६ मध्ये विधेयक आलं. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं ते तपासलं आणि ऑगस्ट २०१७ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं की बाईला नऊ महिने फुकट राबवणं हे शोषणच आहे. तिला बुडालेल्या मजुरीसकट भरपाई मिळाली पाहिजे. ही शिफारस कुठल्या दवाखान्याच्या दलालानं केलेली नव्हती, आपल्याच खासदारांनी केली होती. सरकारनं ती बाजूला ठेवली. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात फक्त ‘परोपकारी’ सरोगसी उरली. म्हणजे सरोगेट बाईला औषधपाण्याचा खर्च, ३६ महिन्यांचा विमा आणि नियमांत बसेल तेवढा इतर खर्च. मोबदला एक पैसाही नाही. दिला तर गुन्हा. पैसे मोजून सरोगसी करू पाहणाऱ्या जोडप्याला पहिल्या खेपेला पाच वर्षांपर्यंत आणि दुसऱ्या खेपेला दहा वर्षांपर्यंत कैद.

आता यात कोण कोण पैसे घेतं ते मोजा. डॉक्टर घेतो. भूलतज्ज्ञ घेतो. प्रयोगशाळा घेते. विमा कंपनी हप्ता घेते. कोर्टाचा हुकूम आणून देणारा वकील फी घेतो. दवाखान्यासमोरचा रिक्षावालासुद्धा मीटरप्रमाणे घेतो. या सगळ्या साखळीत जिच्या अंगात सुया टोचल्या जातात, जिचं पोट वाढतं, जी कळा सोसते, तिनं तेवढं परोपकार करायचा. या अजब हिशेबाला कायदा ‘स्त्रीची प्रतिष्ठा’ म्हणतो. मी शाळेत शिकवते. उद्या कुणी म्हणालं की विद्यादान पवित्र आहे म्हणून बाईंचा पगार बंद, शिपायाचा आणि संस्थाचालकाचा चालू, तर मी त्याला माझी प्रतिष्ठा म्हणणार नाही.

‘फुकट’ म्हणजे ‘जबरदस्तीविना’ असं गृहीत धरण्यात मोठीच गफलत आहे. पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर अनोळखी बाई कशाला पुढे येईल? मग नजर वळते घरातल्या बायांकडे. धाकटी जाऊ, विधवा बहीण, नवऱ्यानं टाकलेली आणि भावाच्या घरी राहणारी नणंद. कायदा ‘स्वेच्छेनं तयार असलेली स्त्री’ म्हणतो. ज्या घरात तिला दोन वेळचं ताट मिळतं त्या घरात ‘नाही’ म्हणायची तिची ताकद किती, हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. बाजारातल्या बाईजवळ निदान करारनामा होता आणि दाम नाही मिळाला तर भांडायला कारण होतं. घरातल्या बाईला तेही नाही. तिच्या वाट्याला फक्त ‘घरासाठी एवढं कर’ येतं. कायद्यात एक कलम बरं आहे: तक्रार कोर्टात गेली तर नवऱ्यानं, नातेवाइकांनी किंवा त्या जोडप्यानं तिला भाग पाडलं असं कोर्ट आधी धरून चालतं. पण दिराच्या विरोधात कोर्टात जाणारी जाऊ तुम्ही किती पाहिल्यात?

पालक व्हायची परवानगी कुणाला, याची यादी तर आणखी बोलकी आहे. लग्न झालेलं भारतीय जोडपं. बाई २३ ते ५०, पुरुष २६ ते ५५. आधीचं मूल असता कामा नये. असलंच तर ते अपंग किंवा जिवावरच्या आजाराचं असलं पाहिजे. एकटी बाई असेल तर ती विधवा किंवा घटस्फोटित आणि ३५ ते ४५ वयाची हवी. म्हणजे तलाक झालेली चालेल, कधी निकाहच न झालेली चालणार नाही. गर्भाशय दोघींना सारखंच नसलं तरी. तलाक झाल्यानं बाईत आई होण्याची अशी कुठली लायकी येते जी अविवाहितेत नसते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. एकट्या पुरुषाला तर दारच नाही. २०१६ आणि २०१७ साली मुंबईतल्या दोन अविवाहित चित्रपट कलावंतांनी सरोगसीनं मुलं आणली, सगळ्या देशानं अभिनंदन केलं. आज तेच त्यांनी इथं केलं असतं तर गुन्हा ठरला असता.

शिवाय नियम स्थिरही नाहीत. मार्च २०२३ मध्ये केंद्रानं नियम बदलला: बीज आणि अंडं दोन्ही त्या जोडप्याचंच हवं. जन्मतःच गर्भाशय नसलेल्या आणि अंडंही तयार न होणाऱ्या बाईसाठी हा नियम म्हणजे दार लावून बाहेरून कडी घालणं होतं. अशीच एक बाई सुप्रीम कोर्टात गेली, कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्यापुरती स्थगिती दिली, आणि मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम पुन्हा बदलून दोघांपैकी एकाचं दात्याकडून घ्यायला परवानगी दिली. विधवा आणि घटस्फोटितेला मात्र अजूनही स्वतःचंच अंडं हवं. कायदा यायच्या आधीच ज्यांनी भ्रूण गोठवून ठेवले होते आणि मधल्या काळात ज्यांचं वय उलटलं, त्यांनाही सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं की वयाची अट त्यांना मागून लावता येणार नाही. ज्यांना दिल्लीत वकील लावणं झेपलं त्यांना उत्तर मिळालं. जळगावच्या, परभणीच्या बाईचं काय? जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, विम्याचे कागद हे सगळं गोळा करेपर्यंत तिचं वय यादीतून बाहेर पडतं.

आता सीमेपलीकडे पाहू, कारण खरा विनोद तिथं आहे.

अमेरिकेत एकच एक कायदा नाही. कॅलिफोर्नियात मूल जन्मायच्या आधीच कोर्ट लिहून देतं की पालक कोण. सरोगेट बाईला आणि पालकांना वेगवेगळे वकील असलेच पाहिजेत, आणि बाईला मोबदला मिळतो. न्यूयॉर्कमध्ये मोबदल्याची सरोगसी २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत बंद होती, मग सुरू झाली. मिशिगनमध्ये १९८८ पासून तो गुन्हा होता, २०२४ मध्ये तिथंही नवा कायदा झाला. एकाच देशात, एकाच झेंड्याखाली, राज्याची हद्द ओलांडली की गुन्हेगाराचा पालक होत होता. इंग्लंडमध्ये उलटं आहे. तिथं करार करता येतो, पण तो कोर्टात बजावता येत नाही. जी जन्म देते तीच कायद्यानं आई, मग अंडं कुणाचंही असो. बाळंतपणाला सहा आठवडे होईपर्यंत तिची संमतीसुद्धा ग्राह्य नाही. त्यानंतर कोर्टाचा ‘पेरेंटल ऑर्डर’ मिळाला की पालकत्व बदलतं. तिथल्या कायदा आयोगानं २०२३ मध्ये सांगितलं की ही पद्धत जुनी झाली, जन्मापासूनच इच्छुक पालकांना पालक मानायची वाट तयार करा. युक्रेनमध्ये लग्न झालेल्या जोडप्याला पहिल्या दिवसापासून पालक मानतात, म्हणून युरोपातली गिऱ्हाइकं तिकडे वळली. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे कीव्हच्या एका हॉटेलात डझनांनी तान्ही बाळं ओळीनं पाळण्यांत ठेवलेली जगानं पाहिली. दोन वर्षांनी युद्ध आलं आणि तशीच बाळं तळघरांत हलवावी लागली.

इटलीनं तर कमाल केली. देशात २००४ पासून बंदी होतीच. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी ठरवलं की इटालियन माणसानं जगात कुठंही सरोगसी केली तरी तो गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख युरोपर्यंत दंड. कॅलिफोर्नियात जे कोर्टाच्या शिक्क्यानं होतं ते रोमला परतल्यावर आरोपपत्रात येतं. फ्रान्समध्येही बंदी आहे. अमेरिकेत जन्मलेल्या मुलींना फ्रान्सनं आपल्या बापाच्या मुली मानायला नकार दिला, तेव्हा २०१४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं फ्रान्सला सुनावलं की पालकांनी काहीही केलेलं असो, त्याची शिक्षा मुलांच्या ओळखीला देता येणार नाही. मला हे वाक्य आपल्या प्रत्येक आमदार-खासदाराला पाठ करायला लावावंसं वाटतं.

एका देशानं दार लावलं की धंदा मरत नाही, शेजारी जातो, आणि शेजारचा देश बहुधा अधिक गरीब असतो. २०१२ मध्ये भारतानं व्हिसाचे नियम आवळले, गिऱ्हाइकं थायलंड आणि नेपाळला गेली. थायलंडमध्ये २०१४ साली जुळ्यांपैकी डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा गरीब सरोगेट आईकडेच राहिला आणि ऑस्ट्रेलियन जोडपं त्याच्या बहिणीला घेऊन गेलं. गहजब झाला, २०१५ मध्ये थायलंडनं परदेशी लोकांना बंदी केली. नेपाळमध्ये नेपाळी बाईनं सरोगेट व्हायचं नाही असा नियम होता, म्हणून तिथं भारतीय बाया नेल्या जात होत्या. २०१५ च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतर इस्रायलनं विमानं पाठवून आपल्या लोकांची बाळं उचलून नेली. बाळं सुखरूप पोचली, त्याचा आनंदच आहे. पण ती पोटात वागवणाऱ्या बाया त्याच हादरणाऱ्या गावात राहिल्या, त्यांच्यासाठी कुणाचं विमान आलं नाही. मग नेपाळ बंद, धंदा कंबोडियात. २०१६ मध्ये कंबोडिया बंद. आणि २०१८ मध्ये तिथल्या पोलिसांनी धाड घातली तेव्हा कुणाला पकडलं? तीसहून अधिक गरोदर बायांना. माणसांची तस्करी केल्याचा आरोप त्यांच्यावर. ज्या चिनी गिऱ्हाइकांची ती मुलं होती ती आपापल्या घरी. अखेर ‘हे मूल मीच वाढवीन’ अशी हमी लिहून घेऊन त्या बायांना सोडलं. म्हणजे दुसऱ्याचं मूल पोटात वाढवल्याची शिक्षा काय, तर ते मूल जन्मभर सांभाळ. बंदीचा दांडा नेहमी कुणाच्या पाठीवर बसतो, हे यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं?

म्हणून मी म्हणते की ‘या देशात चालतं, त्या देशात चालत नाही’ हा फरक दिसायला नीतीचा दिसतो, पण व्यवहारात तो पाकिटाचा असतो. इच्छुक पालकांचे तीन वर्ग पडतात. पहिल्याजवळ लाख-दीड लाख डॉलर आहेत. तो कॅलिफोर्नियाला जातो आणि शिक्का मारलेलं मूल घेऊन येतो. दुसऱ्याजवळ थोडे आहेत. तो जिथं कायदा पातळ आहे तिथं जातो आणि दूतावासाच्या पायऱ्यांवर बसतो. तिसऱ्याजवळ काही नाही. तो गावातल्या बाबाकडे, मजारीवर, देवळात जातो, आणि घरात त्याच्या बायकोला वांझ म्हणून हाक पडते. आपला २०२१ चा कायदा पहिल्याला शिवतही नाही. त्याचा सगळा धाक तिसऱ्यासाठी आहे.

आणि बाईची कूस पवित्र म्हणून तिचा मोबदला पाप, असं म्हणणाऱ्या महाराष्ट्राला मला बीडची आठवण करून द्यायची आहे. ऊसतोडीला जोडी जाते, नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा पडला की मुकादम दंड कापतो. पाळीचे दिवस परवडत नाहीत, दुखणं परवडत नाही, म्हणून तिशीतल्या, कधी पंचविशीतल्या बायांनी पिशवी काढून घेतली. २०१९ मध्ये गाजावाजा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेव्हा कुठं होती कुशीची पवित्रता? साखर कारखान्याला ती आड येत होती तेव्हा ती काढून टाकली तरी चाललं. त्याच बाईला ‘माझ्या कुशीच्या कष्टाचे इतके रुपये’ असं म्हणायचं असेल तर मात्र राज्यघटनेपासून संस्कृतीपर्यंत सगळं धोक्यात येतं. काही पवित्र ठेवायचंच असेल तर आधी तिची मजुरी ठेवा.

आता आपल्या घराकडे वळते, कारण दुसऱ्याच्या अंगणात बोट दाखवून थांबणं मला जमणार नाही.

मुस्लिम जगातही या प्रश्नावर एक कायदा नाही, हे आपल्या मोहल्ल्यात फारसं सांगितलं जात नाही. सुन्नी उलेमांची बहुतेक सगळी मंडळं सरोगसी नाजायज ठरवतात. मक्केच्या फिक्ह परिषदेनं १९८४ मध्ये एका सवतीनं दुसरीचं मूल पोटात वाढवायला मर्यादित परवानगी दिली होती. पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. १९८६ मध्ये अम्मानला भरलेल्या फिक्ह अकादमीनं मनाई कायम केली. २०१७ मध्ये पाकिस्तानच्या फेडरल शरियत कोर्टानंही तेच सांगितलं. इकडे इराणमध्ये शिया उलेमांनी वेगळा विचार केला, तिथं सरोगसी चालते आणि भ्रूणदानाचा २००३ चा कायदाही आहे. कैरोत जे हराम ते तेहरानमध्ये दवाखान्याच्या पाटीवर. दोन्हीकडे कुरआन एकच. याचा अर्थ मनाई करणारे खोटे आहेत असा नाही. नसबची, म्हणजे वंश कुणाचा याची त्यांची काळजी खरी आहे. मूल आपलं मूळ विसरू नये, नकळत बहीण-भावाचा निकाह होऊ नये, ही भीती पोकळ नाही. पण हा इज्तिहादचा, विचार करून ठरवायचा प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे.

विचार करताना एक गोष्ट आपल्याच परंपरेतली आहे. पैगंबरसाहेबांना लहानपणी दूध पाजलं ते हलीमा सादिया यांनी, आणि दाईनं उजरत घेऊन मूल सांभाळणं ही त्या समाजाची रीत होती. सूरह तलाकमध्ये तलाकनंतर मुलाला दूध पाजणाऱ्या आईला तिची उजरत देण्याचा हुकूम आहे. म्हणजे आईपणाचं जे काम शरीरानं होतं त्याला मोल असतं आणि ते चुकतं करावं लागतं, हे इस्लामला चौदाशे वर्षांपासून मान्य आहे. शिवाय दूध पाजणारीचं नातं शरियतनं कागदावर घेतलं. रजाअतचं नातं म्हणून तिची मुलं निकाहाला वर्ज्य ठरली. तिचं नाव लपवलं नाही, ‘परोपकारी’ म्हणून तिला विसरून जायला सांगितलं नाही. दूध आणि कूस एक नाही, हे मलाही कळतं. मी फतवा देत नाही आणि तो माझा अधिकारही नाही. पण मोबदला आणि इज्जत एकमेकांचे वैरी आहेत ही कल्पना आमच्या दीनमधून आलेली नाही, एवढं सांगायचा अधिकार मला आहे.

आणि ढोंग? सरोगसी हराम म्हणून मान हलवणारे किती जण मूल होत नाही म्हटल्यावर सहा महिन्यांत दुसरी बीवी शोधायला लागतात! तपासणी पहिलीची होते, नवऱ्याची होत नाही. दत्तकाचं म्हणाल तर शबनम हाशमी यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच सांगितलं की बालन्याय कायद्यानुसार मुसलमानालाही मूल दत्तक घेता येतं. आमच्यात यतीमची परवरिश हे केवढं सवाबचं काम मानतात! तरी अनाथालयाच्या दारात आमची रांग दिसत नाही. मग निपुत्रिक बाईला आपण सांगतो तरी काय? सरोगसी करू नको, दत्तक घेऊ नको, सवत सहन कर. या तीन वाक्यांना शरियत म्हणणं हा शरियतचाच अपमान आहे.

मुलाचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण कायदेही तो शेवटीच ठेवतात. माझ्या शाळेच्या रजिस्टरात मुलाच्या नावापुढे आईचं नाव लिहायचं असतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर तर महाराष्ट्र सरकारनंच आईचं नाव बंधनकारक केलं, आणि ते उत्तम केलं. आता तोच मुलगा इंग्लंडमध्ये जन्मला तर आरंभी त्या रकान्यात सरोगेट बाई, मुंबईत जन्मला तर इच्छुक आई, आणि काही देशांत रकाना रिकामा. मूल तेच, रक्त तेच, सीमा ओलांडली की आई बदलते. जगानं विमानतळांचे, टपालाचे, क्रिकेटचे नियम एक केले. लेकराची आई कोण आणि त्याचं नागरिकत्व कुठलं, एवढ्यावर अजून एकमत नाही. मोठ्यांच्या नीतीच्या भांडणात तान्ही बाळं परदेशी हॉटेलात पडून राहणार असतील, तर त्या नीतीत काहीतरी सडलेलं आहे.

‘मोबदला दिला तर पुन्हा गरीब बाईच विकली जाईल,’ हा सर्वांत वजनदार आक्षेप. तो मी हलका लेखत नाही. गरिबी असेल तिथं कुठलाही सौदा बरोबरीचा नसतो. पण मग गरीब बाई गटारात उतरते, बारा तास विड्या वळते, परक्याच्या घरी भांडी घासते, तेव्हा आपण तिची मजुरी बंद करून तिला वाचवत नाही. किमान वेतन मागतो, संघटना बांधतो. धोका आहे म्हणून काम मोडीत काढायचं की धोका कमी करून दाम वाढवायचा, यात कामगार चळवळीनं शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिलं आहे. याच एका कामाला ते लागू करताना आपल्याला घाम फुटतो, कारण ते काम बाईच्या पोटात होतं आणि पोटावर आपली मालकी आहे असं आपण अजून मानतो.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. सरोगेट बाईला सरकारनं ठरवलेला, बँकेत थेट तिच्याच खात्यावर जमा होणारा मोबदला द्या, दलालाचा हात मध्ये नको. करारनामा तिच्या भाषेत लिहा, मराठीत, उर्दूत, गोंडीत. आणि तिचा वकील पालकांच्या वकिलाहून वेगळा असू द्या. आयुष्यात एकदाच, स्वतःचं मूल असलेलीच, २५ ते ३५ वयाचीच, या आजच्या मर्यादा राहू द्या. त्या चांगल्या आहेत. पालकांना लग्नाचा दाखला मागण्याऐवजी मूल सांभाळायची ऐपत आणि वर्तणूक तपासा, दत्तकात तपासता तशी. कोण कुणाच्या पोटी वाढलं याची नोंद सरकारजवळ कायम राहू द्या आणि मूल सज्ञान झालं की मागेल तर ती त्याच्या हातात द्या. नसबची काळजी करणाऱ्या उलेमांनाही याहून चांगलं काय हवं? आणि परदेशात जन्मलेल्या मुलाला, पालकांनी कुठला नियम मोडला असो वा नसो, जन्मल्या दिवसापासून एक देश आणि एक नाव मिळालं पाहिजे.

यातलं काही अशक्य नाही. खासदारांची समिती २०१७ मध्ये यातल्या मोबदल्याच्या मागणीपर्यंत येऊन पोचली होती. तिथून सरकारला मागे वळावंसं का वाटलं, हे पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्यांना विचारा. ‘स्त्रीच्या प्रतिष्ठेसाठी’ असं उत्तर मिळालं, तर त्यांना विचारा की त्या प्रतिष्ठेचा दर दिवसाला किती आणि तो आजवर कुठल्या बाईच्या खात्यावर जमा झाला.